उचलणं सोपं, परत ठेवणं अवघड

(तारा कासवाची गोष्ट)

कासव म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा आठवतो तो ससा! मग देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत बसवलेलं दगडी कासव, मग आजीने सांगितलेला कूर्मावतार, आणि शेवटी सबमिशनच्या आठवड्यात सरांनी आपल्या बॅचला उद्देशून वापरलेला 'कासवगती' हा शब्द. इतक्या ठिकाणी कासव भेटतं, पण खऱ्या जिवंत कासवाबद्दल विचारलं तर बहुतेकांची व्हायवामध्ये होते तशी अवस्था होते. 'सर, ते हळू चालतं' यापुढे गाडी सरकत नाही.

यात थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. इंग्रजीत पाण्यातल्या कासवाला टर्टल आणि जमिनीवरच्या कासवाला टॉरटॉईज असे वेगळे शब्द आहेत. मराठीत मात्र सगळ्यांना मिळून एकच शब्द, कासव. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं तेही कासव, विहिरीत सोडलेलं असतं तेही कासव, आणि ज्याने आयुष्यात कधी तळं पाहिलं नाही असं माळरानावरचं तेही कासवच. हा फरक नुसता शब्दांचा असता तर सोडून दिला असता. पण या एका शब्दापायी कित्येक घरांत जमिनीवरचं कासव पाण्याच्या टबात ठेवलं जातं आणि न्यूमोनिया होऊन मरतं. बिचाऱ्याला पोहता येतच नाही!

हा लेख त्या माळरानावरच्या कासवाबद्दल आहे. त्याचं नाव तारा कासव, बाजारातल्या भाषेत 'स्टार'.

ओळख परेड

शास्त्रीय नाव जिओकेलोन एलिगन्स. १७९५ साली शोप्फ नावाच्या जर्मन निसर्ग अभ्यासकाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. 'एलिगन्स' म्हणजे देखणं, आणि नाव अगदी बरोबर ठेवलंय. काळपट कवचावर प्रत्येक खवल्याच्या मधोमध पिवळा ठिपका, आणि त्यातून चहूकडे निघालेल्या पिवळ्या रेघा. सगळे खवले मिळून बघितले तर कवचावर चांदण्या काढल्यासारख्या दिसतात. हातात घेतलं तर ही नक्षी डोळ्यात भरते. पण वाळक्या गवतात, काटेरी झुडपाखाली, उन्हा-सावलीच्या पट्ट्यांत हेच कासव ठेवलं की दोन पावलांवरून दिसत नाही. म्हणजे आपल्याला जो दागिना वाटतो तो मुळात लपायचा कोट आहे.

हे कासव जगात फक्त आपल्याच भागात सापडतं. एक पट्टा वायव्येला, म्हणजे गुजरात, राजस्थान आणि सीमेपलीकडचा सिंध. दुसरा दक्षिणेला, म्हणजे आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूचा कोरडा भाग आणि पुढे श्रीलंका. गवत, गळून पडलेली फुलं-फळं, निवडुंगाची पानं हा त्याचा मेनू. पावसाळा सुरू झाला की ते खऱ्या अर्थाने जागं होतं. फिरणं, खाणं, जोडीदार शोधणं हे सगळं पावसात. कडक उन्हाळ्यात एखाद्या झुडपाच्या बुडाशी गप्प पडून राहायचं. (परीक्षा संपल्यावरचे आपण!)

मादी नरापेक्षा बरीच मोठी असते. ती मागच्या पायांनी खड्डा खणते, माती कडक असेल तर स्वतःच्या अंगातलं पाणी सोडून ती भिजवते, साधारण दोन ते सहा अंडी घालते, खड्डा नीट बुजवते आणि निघून जाते. आपल्याकडे कासवी नुसत्या नजरेने पिल्लांना पोसते अशी जुनी कल्पना आहे. संतांनी ती मायेचं उदाहरण म्हणून किती सुंदर वापरली आहे! प्रत्यक्षात मात्र आई अंड्यांकडे मागे वळूनही बघत नाही. पिल्लू नर होणार की मादी हेसुद्धा खड्ड्यातल्या मातीच्या तापमानावर ठरतं. बाहेर आलेलं पिल्लू पहिल्या मिनिटापासून स्वतःच्या जबाबदारीवर असतं. मुंगूस, घोरपड, कावळे या सगळ्यांतून वाचलं तर काही वर्षांनी वयात येतं, आणि मादीला तर दहा-बारा वर्षंही लागू शकतात. मग मात्र त्याला दीर्घायुष्य असतं, अनेक दशकांचं.

हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. या प्राण्याचं सगळं गणित 'उशिरा सुरुवात, थोडी पिल्लं, पण लांब इनिंग' या तत्त्वावर बसवलेलं आहे.

मेकॅनिक्सच्या पुस्तकात शोभेल असं कवच

आता आपल्या आवडीचा विषय. एक प्रश्न घ्या. एकजिनसी पदार्थाची, कुठेही खळगा नसलेली अशी एखादी वस्तू बनवता येईल का, जी सपाट टेबलावर कशीही ठेवली तरी आपोआप एकाच स्थितीत येऊन थांबेल? लहानपणीची डुलणारी बाहुली इथे चालणार नाही. तिच्या बुडात वजन भरलेलं असतं, ती चीटिंग झाली. इथे सगळीकडे घनता सारखी हवी. फक्त आकाराच्या जोरावर एकच स्थिर आणि एकच अस्थिर समतोल मिळवायचा.

फासा कोणत्याही सहा बाजूंवर बसतो. खडूचा तुकडा आडवाही राहतो आणि उभाही. १९९५ साली व्लादिमिर अर्नोल्द या रशियन गणितज्ञाने अंदाज मांडला की अशी वस्तू असू शकेल. गाबोर डोमोकोश आणि पीटर वार्कोन्यी या बुडापेस्टच्या तांत्रिक विद्यापीठातल्या दोघांनी तो प्रश्न अंगावर घेतला. डोमोकोश यांनी तर ऱ्होड्स बेटाच्या किनाऱ्यावर दोनेक हजार गोटे तपासून पाहिले. एकही तसा निघाला नाही! शेवटी २००६ मध्ये दोघांनी असा आकार आहे हे सिद्ध करून तो बनवूनही दाखवला. त्याचं नाव 'गोम्बोत्स', हंगेरियन भाषेतल्या गोल या अर्थाच्या शब्दावरून.

आता कासवाकडे या. पाठीवर पडलेल्या कासवाची पंचाईत आपल्याला माहीत आहे. उन्हात तसंच पडून राहिलं तर खेळ खलास. सपाट कवचाची, पाण्यातली कासवं लांब मानेचा तरफेसारखा वापर करून उलटी होतात. पण उंच, घुमटासारख्या कवचाच्या जमिनीवरच्या कासवांची मान आणि पाय आखूड. ती कशी काय सरळ होतात? डोमोकोश-वार्कोन्यी जोडीने कासवांची कवचं मोजली आणि २००८ मध्ये त्यावर पेपर लिहिला. उत्तर असं, की उंच कवचाच्या कासवांचं बरंचसं काम आकारच करतो. कवच घरंगळतं, पाय थोडे झाडले की उरलेलं काम होतं. आणि गोम्बोत्सच्या आकाराच्या सगळ्यात जवळ जाणारी जी कासवं सांगितली जातात त्यांत एक मादागास्करचं किरणांकित कासव आणि दुसरं आपलं तारा कासव!

बुडापेस्टच्या दोन विद्वानांना जे डिझाइन काढायला वर्षं लागली ते आपल्या गुजरातच्या माळावर निवडुंग खात फिरत होतं. कुठलाही कॅड लॅब न वापरता.

एकच लोड विचारात घेतलेलं डिझाइन

पण कुठलंही डिझाइन विशिष्ट भारासाठी केलेलं असतं. पूल वाहनांच्या वजनासाठी काढला आणि आला महापूर, तर दोष पुलाचा म्हणायचा का? तारा कासवाचं तसंच आहे. कोल्हा आला, मुंगूस आलं, की डोकं-पाय आत आणि गप्प. शत्रू कंटाळून निघून जातो. हा उपाय फार जुना आणि बराच खात्रीचा.

माणसासमोर मात्र तोच उपाय उलटतो. जो प्राणी पळत नाही, चावत नाही, ओरडत नाही, हात लावला की स्वतःचं पार्सल करून बसतो, खाणं-पाणी न देता दिवसचे दिवस जिवंत राहतो आणि वर दिसायला सुंदर, त्याची तस्करी करणं किती सोपं! पाय बाहेर काढता येऊ नयेत म्हणून चिकटपट्टी गुंडाळायची, कापडात बांधायचं आणि सूटकेसमध्ये कपड्यांखाली रचून टाकायचं. विमानतळांवर पकडलेल्या बॅगांत अशीच कासवं सापडतात, एकेका बॅगेत शेकड्यांनी.

आकडे ऐका. वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेने २००९ ते २०१९ या दहा वर्षांतली भारतातली पकडलेली प्रकरणं मोजली. जमिनीवरची आणि गोड्या पाण्यातली मिळून किमान १,११,३१० कासवं! त्यात सगळ्यात जास्त पकडली गेलेली जात म्हणजे तारा कासव. आणि हा हिशोब फक्त पकडल्या गेलेल्यांचा. न पकडलेल्यांचा अंदाज यावा म्हणून दुसरा आकडा घ्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नील डिक्रूझ आणि सहकाऱ्यांना आंध्र प्रदेशातल्या व्यापाराच्या एकाच केंद्रातून वर्षाला किमान ५५,००० तारा कासवं उचलली जात असल्याचं आढळलं. भागाकार करून बघा. रोज दीडशे. एका ठिकाणाहून.

यातली बहुतेक पिल्लं असतात, कारण लहान कासव लपवायला सोपं आणि गिऱ्हाइकालाही तेच आवडतं. आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा आठवा. मोठी कासवं दीर्घायुषी असतात, त्यामुळे पिल्लं सगळी उचलली तरी माळावर वर्षानुवर्षं मोठी कासवं दिसत राहतात. बघणाऱ्याला वाटतं, 'आहेत की भरपूर!' कोकणातल्या काही गावांत दाराला कुलूप नसतं, अंगण सारवलेलं असतं, पण आत फक्त आजी-आजोबा. गाव भरलेलं दिसतं आणि शाळा मात्र पटसंख्येअभावी बंद पडलेली. तारा कासवाच्या कित्येक माळांची तीच वाट आहे. शिवाय माळ नांगरले जातायत, कुंपणाची काटेरी झुडपं तोडली जातायत, मधून रस्ते जातायत, ते वेगळंच. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत हे कासव 'असुरक्षित' या वर्गात आहे.

द्वेषाने नाही, लाडाने

वाघाला मारणारा शिकारी आपल्याला खलनायक वाटतो. तारा कासवाच्या गोष्टीत तसा खलनायक शोधायला जाल तर अवघड होईल. पकडणारा बहुधा गरीब गावकरी. त्याला मिळणारे पैसे अगदी किरकोळ, खरी किंमत पुढच्या हातांत वाढत जाते. आणि शेवटच्या टोकाला जो उभा असतो तो तर प्राणिप्रेमी! थायलंड, मलेशिया, चीनमधला कुणी हौशी. आणि आपल्याकडे कुणी वास्तूचा दोष जावा म्हणून, कुणी धंद्यात बरकत यावी म्हणून, कुणी मुलाच्या वाढदिवसाला, आणि कुणी रूमवर 'काहीतरी हटके' हवं म्हणून घेतलेलं. 'कुत्रं पाळायला रेक्टर परवानगी देत नाहीत, हे काय आवाज करणार आहे?' हा युक्तिवाद हॉस्टेलमध्ये कुणीही करू शकेल. आवाज करत नाही हे खरं. मरतानाही करत नाही.

घरी आणल्यावर काय होतं? कवच बळकट व्हायला कॅल्शियम लागतं, ते अंगी लागायला 'ड ३' जीवनसत्त्व लागतं, आणि ते तयार व्हायला उन्हातले अतिनील 'ब' किरण लागतात. 'आम्ही रोज खिडकीतलं ऊन देतो' असं सांगणारे असतात. पण साधी खिडकीची काच हेच किरण बहुतांशी अडवते! म्हणजे उजेड मिळाला, ऊब मिळाली, पण मुख्य गोष्ट बाहेरच राहिली. त्यात खायला काय, तर काकडी, टोमॅटो, पोळीचा तुकडा. परिणाम असा की कवच मऊ पडतं किंवा वेडंवाकडं वाढतं. तारा कासवाच्या खवल्यांना जंगलातही थोडे उंचवटे असतात, पण चुकीच्या खाण्यावर आणि चुकीच्या हवेत वाढलेल्या कासवाच्या पाठीवर टेकाडं येतात. ज्या घुमटाचं एवढं कौतुक आपण वर केलं तो आकारच बिघडतो.

आणि हे सगळं सावकाश होतं. मासा दोन दिवसांत मरतो, तेव्हा चूक कळते. कासव दोन-तीन वर्षं हळूहळू मरत असतं आणि मालक म्हणत असतो, 'शांत स्वभावाचं आहे हो!'

इर्रिव्हर्सिबल प्रोसेस

इथपर्यंत वाचून एखादा म्हणेल, 'मग पकडलेली कासवं परत जंगलात सोडून द्या. विषय संपला.' खरी गोम इथेच आहे. थर्मोडायनॅमिक्समध्ये आपण शिकतो की काही प्रक्रिया उलट दिशेने तशाच्या तशा नेता येत नाहीत. दुधात मिसळलेली साखर वेगळी काढता येत नाही. कासव उचलणं ही तशीच प्रक्रिया आहे. उचलायला मिनिट लागतं. परत ठेवायला वर्षं लागतात, आणि तरी ते तसंच्या तसं ठेवलं जाईल याची हमी नसते.

पहिली अडचण पत्त्याची. बॅगेत सापडलेल्या कासवाच्या पाठीवर गावाचं नाव लिहिलेलं नसतं. बॅग चेन्नईत पकडली म्हणून कासव चेन्नईचं होत नाही. मग काय झालं, कुठेही सोडलं तर? हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजीतल्या शास्त्रज्ञांनी सिंगापूरहून परत आलेल्या तारा कासवांचा डीएनए तपासून ती मूळची कुठली असावीत याचा शोध घेतला. तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०२५ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि पंजाब विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की वायव्येकडची आणि दक्षिणेकडची तारा कासवं आनुवंशिक दृष्ट्या दोन वेगळे गट आहेत. दोन्ही गट आपापल्या हवामानात फार जुन्या काळापासून वेगवेगळे वाढलेत. एका गटातली कासवं दुसरीकडे सोडली की ती सरमिसळ पुन्हा निस्तरता येत नाही.

दुसरी अडचण आजारांची. ठिकठिकाणची शेकडो कासवं एका बॅगेत, एका गोदामात कोंबलेली असतात. श्वसनाचे संसर्ग एकाचे दुसऱ्याला होतात. वरून ठणठणीत दिसणारं कासव सोडलं आणि माळावरच्या निरोगी कासवांना त्याने रोग दिला, तर मदत राहिली बाजूला. म्हणून आधी विलगीकरण, तपासण्या, उपचार.

तिसरी अडचण म्हणजे सोडल्यावर ते थांबत नाही. अनोळखी जागी सोडलेलं कासव भटकत सुटतं, रस्त्यावर येतं, शेतात जातं. याच्यावर एक उपाय अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनामध्ये गोफर जातीच्या कासवांवर करून पाहिला गेला. कासवांना नव्या जागेतच कुंपणात नऊ महिने ते वर्षभर ठेवलं, मग कुंपण काढलं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशी कासवं एकदम सोडलेल्यांच्या मानाने खूपच जास्त प्रमाणात तिथेच टिकली. त्यांच्या हालचाली कळल्या त्या कवचावर चिकटवलेल्या रेडिओ ट्रान्समीटरमुळे. इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांनो, कमी वजनाची बॅटरी, जास्त टिकणारा सिग्नल, काट्याकुट्यात न निघणारा अँटेना, हे प्रॉब्लेम तुमचे आहेत. 'लाइन फॉलोअर रोबो'चा कंटाळा आला असेल तर प्रोजेक्टसाठी विषय शोधायला लांब जायला नको.

जे चाललं आहे ते

चित्र अगदीच काळं नाही. काही ठोस गोष्टी झाल्या आहेत.

कायद्यापासून सुरुवात करू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात तारा कासव आधी चौथ्या परिशिष्टात होतं, म्हणजे शिक्षा त्या मानाने सौम्य. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ते पहिल्या परिशिष्टात आलं. वाघ ज्या परिशिष्टात आहे त्याच! या परिशिष्टातल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षं आणि कमाल सात वर्षं कैद, वर किमान पंचवीस हजार दंड. 'घेतलंय, पकडलं तर नाही' हा बचाव चालत नाही. बाळगणं हाच गुन्हा.

आंतरराष्ट्रीय पातळीवर साइट्स नावाचा करार आहे. त्याच्या दुसऱ्या यादीत हे कासव १९७५ पासून होतं, म्हणजे व्यापार परवान्याने शक्य. या फटीतून रानातलं कासव 'पैदास केंद्रात जन्मलेलं' म्हणून खपवायला वाव राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत भारत, श्रीलंका आणि इतर देशांचा प्रस्ताव मंजूर झाला आणि ते पहिल्या यादीत गेलं. रानातून पकडलेल्या तारा कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार तेव्हापासून बंद.

परत आणण्याचीही उदाहरणं आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंगापूरमध्ये सोडवलेली ५१ तारा कासवं तिथली एकर्स ही संस्था, आपली वाइल्डलाइफ एसओएस आणि कर्नाटक वनखातं यांनी मिळून विमानाने बंगळुरूला आणली. केरळच्या चिन्नार अभयारण्यातही पकडलेल्या तारा कासवांचं पुनर्वसन केंद्र आहे. वाचवणाऱ्यांच्या कष्टाला सलाम, पण ५१ चा आकडा वरच्या रोजच्या दीडशेच्या शेजारी ठेवून बघा. म्हणजे शीर्षक असं का दिलं ते कळेल.

शेजारच्या म्यानमारमध्ये याच कासवाचा सख्खा भाऊ राहतो, बर्मी तारा कासव. या शतकाच्या सुरुवातीला तो जंगलातून जवळजवळ संपला होता. २००४ मध्ये तिथल्या सरकारने आणि वन्यजीव संस्थांनी जप्त केलेल्या कासवांसह साधारण १७५ कासवांपासून तीन अभयारण्यांत पैदास सुरू केली. २०१७ पर्यंत संख्या १४,००० च्या वर गेली! मग शेकडो कासवं माळावर सोडली, कवचावर कायमच्या खुणा केल्या, गावकऱ्यांना कामात सोबत घेतलं. पैदास जमली. अडचण येते ती चोरांची. कासवं वाढवणं माणसाला जमतं, पण ती सोडायला सुरक्षित माळ आणि सुरक्षित शेजार हवा, तो केंद्रात पैदा करता येत नाही.

कवचावर खूण करण्याची कल्पना मादागास्करमध्येही वापरली आहे. तिथल्या अत्यंत दुर्मिळ नांगर्‍या कासवाच्या, म्हणजे अंगोनोकाच्या, सुंदर कवचावर संवर्धनवाले मुद्दाम आकडे कोरतात. का, तर शौकिनाला डागाळलेला माल नको असतो. सौंदर्य हाच शत्रू झाला की ते बिघडवणं हे संरक्षण ठरतं! आणि हे सगळं लांबचं आहे असं समजू नका. मार्च २०१६ मध्ये मुंबईच्या विमानतळावर मादागास्करहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात १४६ कासवं सापडली. १३९ किरणांकित, म्हणजे गोम्बोत्सच्या यादीतलं ते दुसरं कासव, आणि ७ अंगोनोका. हा रस्ता आपल्या अंगणातून जातो.

मग आपण काय करायचं?

मोर्चा काढायचा नाही, वर्गणीही काढायची नाही. साध्या गोष्टी आहेत.

एक, विकत घ्यायचं नाही. 'दया येऊन घेतलं, दुकानात मरत होतं' असं म्हणूनही नाही. दुकानदाराला दया आणि शौक यातला फरक कळत नाही. त्याला एवढंच कळतं की माल खपला, दुसरा मागवा. 'पेपर आहेत' असं कुणी म्हटलं तरी भुलू नका. जंगलातली ही देशी जात दुकानात विकायचा कसलाही परवाना मिळत नाही.

दोन, कुणाच्या घरी, रूमवर, ओळखीच्यांकडे असेल तर गुपचूप कॅम्पसच्या झाडीत किंवा तळ्यात सोडू नका. तळ्यात बुडेल, झाडीत उपाशी राहील किंवा कुत्र्यांच्या तोंडी जाईल. महाराष्ट्र वनविभागाचा 'हॅलो फॉरेस्ट' हा टोल फ्री नंबर आहे, १९२६. तिथे कळवा किंवा जवळच्या वन कार्यालयाशी बोला. तोपर्यंत कोरड्या, उबदार खोक्यात ठेवा. पाण्यात ठेवू नका.

तीन, आणि हे स्टाफ मंडळींनाही नम्रपणे सांगतो. बंगल्यात, क्वार्टरमध्ये शुभ म्हणून कासव ठेवायचंच असेल तर पितळेचं ठेवा. ते खात नाही, आजारी पडत नाही, आणि देवळातल्या दगडी कासवाइतकंच ते शुभ आहे.

चार, कुठे माळावर खरंखुरं तारा कासव दिसलं तर फोटो काढा, पण जागेचा पत्ता सगळ्यांना सांगत सुटू नका. तो पत्ता वाचणाऱ्यांत प्राणिप्रेमी जसे असतात तसे गोळा करणारेही असतात. आणि उचलून 'सुरक्षित' ठिकाणी न्यायचा मोह आवरा. ते जिथे आहे तिथे, रस्त्याच्या मधोमध नसेल तर, ठीक आहे. रस्त्यात असेल तर ज्या दिशेने चाललं होतं त्याच बाजूला ठेवा आणि पुढे व्हा.

मित्रांनो, आपण इंजिनियर होणार. आपल्याला शिकवतात ते बिघडलेलं दुरुस्त कसं करायचं. पण मेन्टेनन्सच्या लेक्चरला सर हेही सांगतात, की सगळ्यात स्वस्त दुरुस्ती म्हणजे मुळात बिघडू न देणं. तारा कासवाच्या बाबतीत ही दुरुस्ती करायला डीएनए लॅब, विमान, दवाखाना, कुंपण, ट्रान्समीटर आणि कित्येक माणसांची वर्षं लागतात. बिघडू न देण्यासाठी मात्र दुकानाच्या पायरीवर 'किती सुंदर आहे!' म्हणायचं, आणि न घेता निघून यायचं. दुकानाचं नाव मग १९२६ वर कळवायचं. बघा, पटतंय का.